आज किती पोती?

परदेशात पायलट झालेली मुलगी म्हटलं, की लोकांच्या डोळ्यांसमोर पांढरा शर्ट, खांद्यावरच्या सोनेरी पट्ट्या आणि काळा गॉगल येतो. माझ्या पहिल्या नोकरीचा पोशाख म्हणजे जाड ओव्हरऑल, लोकरीची माकडटोपी आणि हातमोज्यांवर हातमोजे. आणि काम? चक्क हमालीचं.

हे मी आईला अकरा महिने सांगितलंच नव्हतं.

२०१९ मध्ये मी तासगावहून कॅनडाला गेले. तिथल्या एका कॉलेजात विमानचालनाचा तीन वर्षांचा डिप्लोमा होता आणि तो केला की पुढे काम करण्याचा परवाना मिळणार होता. फी, राहणं आणि उड्डाणाचे तास मिळून खर्च ७० लाखांच्या घरात. त्यातले ४५ लाख कर्ज, तारण आमचं राहतं घर. आत्या म्हणाली, "एवढ्यात दोघींची लग्नं झाली असती गं." आईनं तिच्यापुढे चहा ठेवला आणि द्राक्षांच्या छाटणीचा विषय काढला.

२०० तासांच्या उड्डाणानंतर तिथे व्यावसायिक लायसन्स मिळतं. मग कळतं, की २०० तासवाल्या पायलटला कुणी विचारत नाही. एटीपीएल, म्हणजे एअरलाइनच्या कॅप्टनला लागणारं लायसन्स, त्याला १५०० तास लागतात. मधले तेराशे आणायचे कुठून? इन्स्ट्रक्टर व्हायचं तर आणखी एक कोर्स, म्हणजे पुन्हा पैसे. भारतात परतायचं तर डीजीसीएचे पेपर, चाचण्या आणि परत रांग. इकडे हप्त्याची तारीख तोंडावर आलेली.

उरली उत्तरेची वाट. ओन्टारिओच्या वायव्येला सू लुकआउट नावाचं छोटं गाव आहे. त्याच्या उत्तरेला सँडी लेक, बिग ट्राउट लेक अशा मूळ रहिवाशांच्या वस्त्या आहेत. तिथे बारमाही रस्ता नाही. हिवाळ्यात तळी गोठली, की काही आठवडे बर्फावरून ट्रक जातात. एरवी दूध, डायपर, औषधं, पेशंट, सगळं विमानानं. या भागातल्या छोट्या कंपन्या नवख्या पायलटला आधी 'रॅम्प'वर घेतात. म्हणजे विमान भरायचं, रिकामं करायचं, पंखांवरचं बर्फ झाडायचं. सीट रिकामी झाली की तुमचा नंबर. कधी होईल, ते कुणी लिहून देत नाही.

जानेवारीत पारा उणे ३५. पहाटे इंजिनाला हीटर लावून ते गरम करायचं, मग पंख. सँडपेपरइतका खरखरीत बर्फाचा थरही पंखाची उचल तीसेक टक्क्यांनी कमी करू शकतो, हे पुस्तकात वाचलं होतं. झाडू हातात आल्यावर ते पटलं. पाळीच्या दिवसांत ओव्हरऑल घालून दिवस कसा काढला, ते तुम्हाला सांगायला नको. शेडमधल्या एकुलत्या एक बाथरूमला कडी नव्हती. ती मी दुसऱ्या आठवड्यात स्वतःच बसवली.

आई रोज फोनवर विचारायची, "आज विमान चालवलंस?" मी "हो" म्हणायची. लायसन्सवाली लेक बटाट्याची पोती उचलते, हे कसं सांगणार?

ऑक्टोबरात कंबर धरली. व्हिडिओ कॉलवर मी तिरकी बसले होते. तेवढं आईला पुरलं.

"कमरेला काय झालं?"

सांगून टाकलं. पलीकडे थोडा वेळ नुसता पंख्याचा आवाज. मग म्हणाली, "उचलताना कमरेतून वाकतेस ना? गुडघ्यात वाक. ओझं अंगाशी धर. आणि वळताना पायानं वळ, कमरेनं नाही."

आई कित्येक सीझन बेदाण्याच्या पॅकिंगला जायची. १५ किलोची एक पेटी. दिवसाला किती पेट्या, हे मी तिला कधी विचारलं नव्हतं. तिच्या त्या पैशांतून माझी बारावीची फिजिक्स-मॅथ्सची शिकवणी झाली होती.

"आणि विमान?" तिनं विचारलं.

"अजून नाही."

"बरं. बाबांना मी सांगते. तू शेक घे."

त्या वर्षाचा एक फायदा मात्र झाला. वजन कुठे ठेवायचं हे हाताला कळलं. मागे जास्त भरलं तर लहान विमान उभ्या जागी शेपटीवर बसतं, म्हणून भरताना शेपटीखाली टेकू लावतात. हवेत टेकू नसतो. तिथे मागे झुकलेलं वजन नाक वर ओढतं आणि सावरणं कठीण जातं. वर्गात याची गणितं सोडवली होती, पण फळीवर चढवलेलं पोतं एक हात पुढे सरकवायला लावणारा मुकादम वेगळाच शिक्षक असतो.

चौदाव्या महिन्यात सीट मिळाली. पिलाटस पीसी-१२, एका इंजिनाचं, मी उजवीकडे, को-पायलट. पहिली फेरी सँडी लेकची. उतरल्यावर कॅप्टननं सीट मागे सरकवली आणि हातमोजे चढवले. तिथे माल उतरवायला वेगळं माणूस नसतं, पायलटच उतरवतात.

म्हणून आई आता विमानाचं विचारत नाही. "आज किती पोती?" विचारते. काल एकवीस होती, बटाट्यांची. आणि एक वॉशिंग मशीन.