कुत्र्यांमधील आंत्रकृमी

कुत्र्यांमधील आंत्रकृमी म्हणजे कुत्र्याच्या आतड्यात राहून त्याचे अन्न, आतड्याचे अस्तर किंवा रक्त यांवर जगणारे परजीवी होत. बोलीभाषेत त्यांना सरसकट 'जंत' म्हणतात. गोलकृमी, अंकुशकृमी, चाबूककृमी आणि पट्टकृमी हे त्यांचे चार प्रमुख गट आहेत. जिआर्डिया व कॉक्सिडिया हे एकपेशीय परजीवी कृमी नसले, तरी तेही आतड्यातच राहतात व जुलाबांना कारणीभूत होतात. त्यामुळे त्यांचा विचार कृमींबरोबरच केला जातो. धडधाकट प्रौढ कुत्र्यात हा संसर्ग अनेकदा कोणत्याही लक्षणाविना राहतो, मात्र काही आठवड्यांच्या पिल्लात तो प्राणघातक ठरू शकतो. यांपैकी काही परजीवी माणसालाही बाधतात. त्यामुळे हा विषय पशुवैद्यकाइतकाच सार्वजनिक आरोग्याचाही आहे.

प्रमुख परजीवी

गोलकृमी
कुत्र्यातील सर्वांत परिचित गोलकृमी म्हणजे टॉक्सोकारा कॅनिस. तो पांढरट, शेवयांसारखा दिसतो. मादीची लांबी १८ सेंटीमीटरपर्यंत भरते. तो लहान आतड्यात राहतो आणि त्याची मादी दररोज हजारो अंडी घालते. ही अंडी विष्ठेबरोबर बाहेर पडतात तेव्हा लगेच संसर्गक्षम नसतात. अनुकूल तापमानात व ओलाव्यात त्यांच्या आत डिंभ (अळी) तयार होण्यास साधारणपणे दोन ते चार आठवडे लागतात. त्यानंतर मात्र जाड कवचामुळे ती मातीत अनेक वर्षे टिकून राहतात.

प्रौढ कुत्रीच्या पोटात गेलेले बरेच डिंभ आतड्यात न वाढता स्नायू व इतर ऊतींमध्ये सुप्तावस्थेत राहतात. ती गाभण राहिली की गर्भकाळाच्या उत्तरार्धात ते जागृत होतात आणि वारेतून गर्भात शिरतात. काही डिंभ पुढे दुधावाटेही पिल्लांपर्यंत पोहोचतात. त्यामुळे अतिशय स्वच्छ जागेत जन्मलेल्या पिल्लांनाही हा संसर्ग जन्मतःच असू शकतो आणि तीन आठवड्यांच्या पिल्लाच्या विष्ठेत गोलकृमीची अंडी आढळू शकतात.

अंकुशकृमी
अँकायलोस्टोमा कॅनिनम हा कृमी जेमतेम १ ते २ सेंटीमीटर लांबीचा असतो, परंतु सर्वांत घातक कृमींमध्ये त्याची गणना होते. तोंडातील दातांच्या साहाय्याने तो आतड्याच्या अस्तराला चिकटतो आणि रक्त शोषतो. रक्त गोठू न देणारा स्राव तो जखमेत सोडत असल्याने जागा बदलल्यावरही आधीच्या जखमेतून रक्तस्राव चालू राहतो. एका कृमीमुळे दिवसाला सुमारे ०.१ मिलिलिटर रक्त जाते. हा आकडा किरकोळ वाटला, तरी शेकडो कृमी असलेल्या व काही शे ग्रॅम वजनाच्या पिल्लाला ही हानी सोसत नाही.

अंकुशकृमीचे डिंभ उबदार, ओल्या मातीत वाढतात. ते तोंडावाटे तसेच थेट त्वचेतून शरीरात शिरतात. नवजात पिल्लांना ते मुख्यतः आईच्या दुधातून मिळतात. अशी पिल्ले पहिला आठवडाभर निरोगी दिसतात व नंतर झपाट्याने फिकी व निस्तेज पडतात. काही वेळा विष्ठेत अंडी दिसू लागण्यापूर्वीच ती दगावतात. त्यामुळे या वयात विष्ठेच्या तपासणीत काही न आढळणे म्हणजे संसर्ग नसणे, असा अर्थ काढता येत नाही.

चाबूककृमी
ट्रायक्युरिस व्हल्पिस या कृमीचा पुढचा भाग दोरीसारखा बारीक व मागचा भाग मुठीसारखा जाड असतो. त्यावरून त्याला हे नाव पडले. तो उंडुकात व मोठ्या आतड्यात राहतो. संसर्गानंतर विष्ठेत अंडी दिसायला जवळजवळ तीन महिने लागतात व पुढेही ती रोज सापडतीलच असे नाही. दीर्घकाळ रेंगाळणारे, शेंबूडमिश्रित व अधूनमधून ताज्या रक्ताचे जुलाब हे त्याचे लक्षण होय.

पट्टकृमी
डिपायलिडियम कॅनिनम हा घरगुती कुत्र्यात सर्रास आढळणारा पट्टकृमी पिसवांमार्फत पसरतो. पिसवेची अळी या कृमीची अंडी खाते, ती अळी प्रौढ पिसू बनते आणि अंग चाटताना वा चावताना कुत्रा ती पिसू गिळतो. कुत्र्याच्या गुदद्वाराजवळ, शेपटीच्या केसांत किंवा अंथरुणावर तांदळाच्या दाण्यांसारखे हलणारे तुकडे दिसणे ही त्याची खूण आहे. हे तुकडे म्हणजे अंड्यांनी भरलेले कृमीचे खंड होत.

एकायनोकॉकस ग्रॅन्युलोसस हा दुसरा पट्टकृमी केवळ २ ते ७ मिलिमीटर लांबीचा असतो. कुत्र्याला त्याचा विशेष त्रास होत नाही आणि त्याचे खंड डोळ्यांना सहसा दिसत नाहीत. त्याची अंडी शेळ्या, मेंढ्या, गुरे किंवा माणसे यांच्या पोटात गेल्यास यकृत, फुप्फुस आदी अवयवांत पाण्याने भरलेल्या पुटी तयार होतात. जनावरांचे असे पुटीयुक्त अवयव कच्चे खाल्ल्याने कुत्र्याला संसर्ग होतो आणि चक्र पूर्ण होते.

एकपेशीय परजीवी
जिआर्डिया दूषित पाण्यातून व विष्ठेच्या संपर्कातून पसरतो. त्याच्या पुटी बाहेर पडताक्षणीच संसर्गक्षम असतात. त्यामुळे जुलाब मऊ, चिकट व दुर्गंधीयुक्त होतात. सिस्टोआयसोस्पोरा या वंशातील कॉक्सिडिया प्रामुख्याने दाटीवाटीने ठेवलेल्या पिल्लांत आढळतात.

लक्षणे

पोट नगाऱ्यासारखे फुगलेले आणि अंग मात्र खंगलेले असणे, निस्तेज केस, वाढ खुंटणे, उलटी, जुलाब, विष्ठेतून किंवा उलटीतून कृमी पडणे ही पिल्लांमधील सर्वसाधारण लक्षणे आहेत. अंकुशकृमींच्या संसर्गात हिरड्या फिक्या पडतात आणि विष्ठा डांबरासारखी काळी होते. काळा रंग हा लहान आतड्यात झालेल्या रक्तस्रावाचा निदर्शक असतो, तर लाल ताजे रक्त बहुधा मोठ्या आतड्यातून आलेले असते.

कुत्रा बसून ढुंगण जमिनीवर घासू लागला की त्याला जंत झाले, असा समज रूढ आहे. प्रत्यक्षात या वर्तनाचे कारण बहुतेक वेळा गुदद्वाराजवळच्या ग्रंथी तुंबणे हे असते.

इतर पचनविकारांशी साधर्म्य

प्रत्येक जुलाबामागे कृमी असतातच असे नाही. आहारातील अचानक बदल, उष्टे व तेलकट अन्न, दूध न पचणे, गिळलेली हाडे वा प्लास्टिक, विषबाधा आणि स्वादुपिंडाचा दाह यांमुळेही उलट्या व जुलाब होतात. पिल्लांमध्ये सर्वांत महत्त्वाचा भेद पार्व्हो विषाणूच्या आजाराशी करावा लागतो. हा विषाणू १९७८मध्ये नवा रोग म्हणून ओळखला गेला व अल्पावधीत जगभर पसरला. सततच्या उलट्या, दुर्गंधीयुक्त रक्तमिश्रित जुलाब आणि कमालीची ग्लानी ही त्याची लक्षणे आहेत. लसीकरण पूर्ण न झालेल्या पिल्लाला असा त्रास होत असताना 'जंत झाले असतील' असे समजून घरीच औषध पाजून वाट पाहिल्यास उपचाराचा मोलाचा वेळ हातचा जातो. कृमी आणि पार्व्हो एकाच वेळी असणेही शक्य असते व तेव्हा आजार अधिक गंभीर होतो.

पुढील परिस्थितीत विनाविलंब पशुवैद्यकीय उपचार आवश्यक असतात : पाणीही पोटात न टिकणे, विष्ठेत रक्त, फिक्या हिरड्या, पोट ताठर व दुखरे होणे, तसेच चिमटीत धरलेली मानेवरची कातडी सोडल्यावर पूर्ववत होण्यास वेळ लागणे. शेवटचे लक्षण शरीरातील पाणी कमी झाल्याचे आहे. लहान पिल्लांत पाण्याबरोबर रक्तातील साखरही वेगाने घटते.

निदान

निदानासाठी विष्ठेची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी केली जाते. मिठाच्या वा साखरेच्या संपृक्त द्रावणात विष्ठा मिसळली असता हलकी अंडी वर तरंगतात व ती काचपट्टीवर घेऊन पाहता येतात. जिआर्डियाच्या नाजूक पुटींसाठी झिंक सल्फेटचे द्रावण अधिक उपयुक्त असते. नमुना ताजा असावा आणि मातीला लागलेला नसावा. अन्यथा मातीतील निरुपद्रवी कृमींमुळे दिशाभूल होते. अंडी रोज सारख्या प्रमाणात बाहेर पडत नसल्याने अनेकदा वेगवेगळ्या दिवशी घेतलेले दोन-तीन नमुने तपासले जातात. एकायनोकॉकसची अंडी इतर काही पट्टकृमींच्या अंड्यांहून सूक्ष्मदर्शकाखाली वेगळी ओळखता येत नाहीत.

उपचार

सर्व कृमींवर चालणारे एकच औषध नाही. पायरँटेल हे गोलकृमी व अंकुशकृमींवर प्रभावी असून लहान पिल्लांना सहसा तेच दिले जाते. फेनबेंडाझोल गोलकृमी, अंकुशकृमी व चाबूककृमींवर चालते आणि सलग काही दिवस द्यावे लागते. जिआर्डियावरही त्याचा उपयोग होतो. पट्टकृमींसाठी प्राझिक्वांटेल वापरतात. बाजारातील अनेक गोळ्यांमध्ये यांपैकी दोन-तीन औषधे एकत्र असतात. औषधाची मात्रा वजनावर ठरत असल्याने पिल्लाचे वजन अंदाजाने न घेता मोजून घेणे आवश्यक असते.

ही औषधे आतड्यातील कृमींवर काम करतात. ऊतींमधील सुप्त डिंभांवर त्यांचा फारसा परिणाम होत नाही. म्हणूनच एका मात्रेने उपचार संपत नाही आणि ठरावीक अंतराने औषध पुन्हा द्यावे लागते. औषधानंतर विष्ठेतून मेलेले कृमी पडणे स्वाभाविक आहे. पिसवांचा बंदोबस्त न करता केवळ प्राझिक्वांटेल दिल्यास डिपायलिडियम काही आठवड्यांतच परत दिसू लागतो. तीव्र रक्तक्षय झालेल्या पिल्लांना कृमिनाशकाबरोबर सलाइन, लोह आणि प्रसंगी रक्त द्यावे लागते.

माणसांची किंवा गुरांची औषधे अंदाजाने देणे धोक्याचे असते. माणसांसाठी वापरले जाणारे अल्बेंडाझोल कुत्र्याच्या अस्थिमज्जेवर विपरीत परिणाम करू शकते. गुरांसाठीच्या आयव्हरमेक्टिनची मोठी मात्रा कोली व तत्सम जातींच्या अनेक कुत्र्यांमध्ये मेंदूपर्यंत पोहोचून जीवघेणी ठरते. त्यामागील जनुकीय दोष २००१मध्ये ओळखला गेला. अलीकडे अमेरिकेत एकापेक्षा अधिक औषधांना न जुमानणारे अंकुशकृमीही आढळले आहेत.

घरगुती उपाय आणि गैरसमज

गोड खाल्ल्याने जंत होतात, हा समज मुलांप्रमाणेच कुत्र्यांबाबतही प्रचलित आहे. गूळ वा साखर कुत्र्याला हितकर नसली, तरी त्यातून कृमी उत्पन्न होत नाहीत. ते अंडी, डिंभ वा मध्यस्थ प्राणी शरीरात गेल्यानेच होतात. जंतांवर लसूण चारण्याचा उपाय तर अपायकारक आहे. लसूण व कांदा यांच्यामुळे कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशी नष्ट होतात. अंकुशकृमींनी आधीच रक्तक्षीण झालेल्या पिल्लाची स्थिती त्यामुळे आणखी बिघडते.

माणसाला होणारा संसर्ग

१९५०मध्ये हेलेनोर कॅम्पबेल वाइल्डर यांना, गाठीच्या संशयावरून शस्त्रक्रियेने काढलेल्या बालकांच्या डोळ्यांत सूक्ष्म कृमींचे डिंभ आढळले. १९५२मध्ये पॉल बीव्हर व त्यांच्या सहकाऱ्यांनी टॉक्सोकाराचे डिंभ बालकांच्या यकृतादी अवयवांत भटकून आजार निर्माण करतात, हे दाखवून दिले. माणसाच्या शरीरात हे डिंभ प्रौढ होत नाहीत. ते अवयवांत फिरत राहतात आणि दाह निर्माण करतात. डोळ्यात शिरल्यास दृष्टी कायमची अधू होऊ शकते. माती तोंडात घालणाऱ्या लहान मुलांना याचा धोका सर्वाधिक असतो. ताज्या विष्ठेतील अंडी संसर्गक्षम नसल्याने हा संसर्ग कुत्र्याला कुरवाळण्यापेक्षा दूषित मातीतून अधिक होतो.

अंकुशकृमींचे डिंभ अनवाणी पायांच्या त्वचेत शिरून नागमोडी, खाजणाऱ्या रेषा उमटवतात. पावसाळ्यातील ओलसर, उबदार माती या डिंभांना पोषक असल्याने कोकण व गोव्यासारख्या प्रदेशांत पायांत चप्पल असणे हा साधा पण परिणामकारक उपाय ठरतो. एकायनोकॉकसमुळे माणसाच्या यकृतात वा फुप्फुसात वाढणारी पुटी अनेक वर्षे लक्षात येत नाही व मोठी झाल्यावर बहुधा शस्त्रक्रिया करावी लागते.

प्रतिबंध

पिल्लांना वयाच्या दुसऱ्या आठवड्यापासून दर पंधरा दिवसांनी, दूध तुटल्यानंतर दोन आठवड्यांपर्यंत, आणि पुढे सहा महिन्यांचे होईपर्यंत दरमहा कृमिनाशक द्यावे, अशी सर्वसाधारण शिफारस आहे. आईलाही पिल्लांबरोबरच औषध दिले जाते. प्रौढ कुत्र्यांना साधारणतः दर तीन महिन्यांनी औषध देतात किंवा विष्ठा तपासून निर्णय घेतात. पार्व्होची लस सहा ते आठ आठवड्यांच्या वयात सुरू करून किमान सोळा आठवड्यांच्या वयापर्यंत पुढच्या मात्रा देणे आवश्यक असते.

विष्ठा दररोज उचलणे हा सर्वांत स्वस्त उपाय आहे. गोलकृमीच्या अंड्यांना संसर्गक्षम होण्यास काही आठवडे लागत असल्याने त्याआधी ती हलवली गेल्यास माती दूषित होत नाही. नेहमीच्या जंतुनाशक द्रावणांनी ही अंडी मरत नाहीत. फरशीवर उकळते पाणी वा वाफ अधिक उपयोगी पडते. पिसवांचे निर्मूलन, कच्चे मांस व अवयव न देणे, मुलांचे हात धुणे आणि खेळण्याची वाळू झाकून ठेवणे हे इतर उपाय होत.

नियंत्रणाचा इतिहास

एकोणिसाव्या शतकात आइसलँडमध्ये पुटीरोगाचे प्रमाण फार मोठे होते. १८६०च्या दशकात डॅनिश शास्त्रज्ञ हाराल्ड क्राबे यांनी तेथे जाऊन कुत्रे, मेंढ्या व माणसे यांच्यातील या रोगाचा संबंध अभ्यासला. मेंढ्यांचे पुटीयुक्त अवयव कुत्र्यांना न देता नष्ट करावेत व कुत्र्यांना कृमिनाशक द्यावे, हा त्यांचा सल्ला पुस्तिकेद्वारे घरोघरी पोहोचवण्यात आला. आधुनिक औषधे उपलब्ध नसतानाही हा रोग पुढे त्या देशातून हद्दपार झाला. न्यूझीलंडमध्ये विसाव्या शतकात अशीच मोहीम राबवली गेली. तेथे सुरुवातीला कुत्र्यांना सुपारीतील अरेकोलीन हे द्रव्य रेचक म्हणून दिले जात असे. प्राझिक्वांटेल पुढे उपलब्ध झाले. २००२मध्ये तो देश तात्पुरत्या स्वरूपात पुटीरोगमुक्त घोषित करण्यात आला. दोन्ही देशांत कुत्र्याच्या औषधाइतकाच जनावरे कापण्याच्या जागेवरील शिस्तीचा वाटा मोठा होता. उघड्यावर जनावरे कापली जाऊन टाकाऊ अवयव मोकाट कुत्र्यांना सहज मिळतात, तेथे केवळ घरातल्या कुत्र्याला गोळी दिल्याने हे चक्र तुटत नाही.