शेतातलं इंजिन, शर्यतीची गाडी

देवपुरात आग्रा रोडला लागून ट्रॅक्टर उघडणाऱ्या मिस्त्रीसमोर ट्रायम्फ टीआर-टू आणून उभी केली, तर तो बिचकणार नाही, असं मला ठामपणे वाटतं. या देखण्या ब्रिटिश स्पोर्ट्‌स कारचं इंजिन आणि फर्ग्युसन टीई-२० ट्रॅक्टरचं इंजिन एकाच घराण्यातलं. कॉव्हेंट्रीच्या स्टँडर्ड मोटर कंपनीने ते चाळीसच्या दशकाच्या उत्तरार्धात व्हॅनगार्ड मोटारीला आणि ट्रॅक्टरलाही बसवलं. १९५३ साली तेच, १९९१ सीसीचं होऊन, टीआर-टूमध्ये आलं. बेल्जियमच्या याबेके रस्त्यावर त्या गाडीने ताशी सुमारे २०० किलोमीटरचा वेग गाठला.

या इंजिनाचा खरा मोठेपणा ते बिघडल्यावर कळतो. यात सिलिंडरचे लायनर ओले, म्हणजे पाणी थेट त्यांना बाहेरून भिडतं. झिजलं तर ब्लॉक बोअरिंगला पाठवायचं कारण नाही. लायनर ओढून काढा, नवा लायनर-पिस्टनचा संच बसवा. म्हणूनच ८३ मिलिमीटरचं बोअर पुढे त्याच ब्लॉकमध्ये ८६ पर्यंत वाढवता आलं. पण हात जपून लागतो. हेड उतरवल्यावर लायनर दाबून धरल्याशिवाय क्रँक फिरवायचीच नाही. फिरवली की लायनर उचलला जातो, तळाचं आठच्या आकड्यासारखं पॅकिंग सुटतं, पाणी ऑईलच्या चेंबरमध्ये उतरतं आणि ऑईल दुधासारखं होतं. त्या ऑईलवर गाडी चालली की बेअरिंगं जातात, मग क्रँक ग्राइंडिंगला. लायनर ब्लॉकच्या वर इंचाच्या तीन ते पाच हजारांश इतका राहायला हवा. कमी राहिला तर हेड गॅस्केट धरत नाही. ओल्या लायनरच्या झेटर ट्रॅक्टरवर काम केलेल्या माणसाला हे निराळं शिकवावं लागत नाही.

इंजिनाच्या या घराण्याचा भारतातला शेवट मद्रासला झाला. १९८५ मध्ये स्टँडर्ड २००० ही मोटार आली : अंगाने रोव्हर, पोटात व्हॅनगार्डच्या वंशातलं तेच १९९१ सीसी इंजिन. नव्या महागड्या गाडीला जुनं इंजिन, म्हणून लोकांनी नाकं मुरडली. वेग आणि पेट्रोलच्या हिशेबाने ते रास्तच होतं. तीनेक वर्षांत गाडी बंद पडली. दुरुस्तीच्या अंगाने मात्र कोणी तिची बाजू मांडली नाही, याचं मला वाईट वाटतं. कारण टीआरचे लायनर, पिस्टन आणि पॅकिंग ब्रिटनमध्ये आजही नवे मिळतात.