औषध न घेतलेले प्राणी आणि औषधाला न जुमानणारे जंतू

प्रतिजैविकांना (जंतूंना मारणाऱ्या वा त्यांची वाढ रोखणाऱ्या औषधांना) होणाऱ्या प्रतिरोधाविषयी बोलताना ‘शरीराला औषधाची सवय झाली’ असे सर्रास म्हटले जाते. वस्तुतः औषधाच्या माऱ्यातून तगून राहण्याचा गुण शरीराच्या नव्हे, तर जंतूंच्या अंगी येतो, आणि म्हणूनच ज्या प्राण्याने जन्मात एकही गोळी गिळलेली नाही, त्याच्या आतड्यातही असे जंतू नांदू शकतात. वायव्य इंग्लंडमधील रानउंदरांत ते मुबलक आढळल्याचे १९९९ साली प्रसिद्ध झाले. उलट फिनलंडमधील मूस, हरणे व रानउंदीर यांच्यात ते जवळजवळ नसल्याचे २००१ साली. शेजारघरचे चमचाभर विरजण जसे पातेलेभर दुधाला आपला गुण लावते, तद्वत एक जंतू प्लाझ्मिडमार्फत (जनुके वाहून नेणाऱ्या डीएनएच्या सुट्या कड्यामार्फत) हा गुण परजातीच्या जंतूलाही बहाल करतो, आणि सांडपाणी, शेणखत, उकिरडा यांतून असे जंतू रानात पोहोचतात. मात्र काही प्रतिरोध मानवी औषधांहून कितीतरी पुरातन असल्याने, तो आढळला की माणसालाच जबाबदार धरणे उतावीळपणाचे ठरेल. असे जंतू बाळगणारा प्राणी आजारी असतोच असेही नाही. प्राणिसंग्रहालयातील धडधाकट जनावराच्या विष्ठेतही ते सापडतात, आणि म्हणून पिंजरा झाडणाऱ्या सेवकाने हात साबणाने धुणे अगत्याचे आहे.