काडतूस भरण्याचा प्रेस: पहिला कोणता घ्यावा?

मागच्या वेळी आपण शॉटगनचं काडतूस आतून कसं असतं ते पाहिलं. आज प्रश्न प्रेसचा. अमेरिकेत मातीच्या तबकड्यांवर नेमबाजी करणारे बरेच जण घरीच काडतुसं भरतात. ट्रॅपच्या एका फेरीत 25 तबकड्या असतात. चार फेऱ्या झाल्या की शंभर रिकाम्या पुंगळ्या जमतात.

प्रेस मुख्यतः दोन प्रकारचे. सिंगल-स्टेजमध्ये, उदाहरणार्थ मेक कंपनीच्या 600 ज्युनियरमध्ये, एका वेळी एकच पुंगळी. जुना प्रायमर काढायचा, नवा बसवायचा, मग दारू, वॉड, छर्रे, आणि शेवटी तोंड दुमडायचं. प्रोग्रेसिव्हमध्ये दांडा एकदा ओढला की सगळ्या टप्प्यांवरच्या पुंगळ्यांचं काम एकदम होतं. दर ओढीला एक काडतूस तयार!

मग तोच का घेऊ नये? कारण मध्येच काही अडलं, की कुठल्या पुंगळीत दारू पडली आणि कुठल्या नाही, याचा घोळ होतो. दुप्पट पडली तर बंदुकीची नळी फुटू शकते. पडलीच नाही तर वॉड नळीत अडकतो, आणि त्यावर पुढचा बार काढणं जिवावर बेतू शकतं.

म्हणून आम्ही म्हणतो, पहिला प्रेस सिंगल-स्टेजच घ्या, आणि सोबत चांगला वजनकाटा. महिन्याला हजारभर काडतुसं लागायला लागली, हात बसला, की प्रोग्रेसिव्हचा विचार करा.

आणि हो, भारतात 1959 च्या शस्त्र कायद्यानुसार परवान्याशिवाय काडतुसं बनवता येत नाहीत.