डोळ्याचा रोग आणि रक्ताची साक्ष

डोळा लाल झाला कीं आपल्या घरांतून पहिला उपाय ठरलेला असतो: दुधाची घडी, गुलाबपाणी आणि दोन दिवस वाचन बंद. पुष्कळ वेळां तेवढ्यानें भागतेंही. परंतु कांहीं डोळे बरे होत नाहींत. बरे झाले तरी महिन्या-दोन महिन्यांनीं पुन्हां दुखूं लागतात, उजेड सहन होत नाहीं, दृष्टि मंदावते. अशा वेळीं नेत्रवैद्य रक्त तपासण्यास सांगतात, आणि घरांतील वडील मंडळी विचारतात, “दुखणें डोळ्याचें, मग रक्त कशाला?” ह्या प्रश्नाचें उत्तर सुशिक्षित कुटुंबांस ठाऊक असावें, म्हणून हा लेखप्रपंच.

बाहेरून आलेल्या जंतूंशीं लढण्यासाठीं आपल्या रक्तांत विशिष्ट प्रथिनें तयार होतात. त्यांस अँटिबॉडी अथवा प्रतिपिंडें म्हणतात. विषमज्वराची विडाल तपासणी अशाच प्रतिपिंडांचा शोध घेते. आणि परळच्या हाफकिन संस्थेनें सर्पविषावर जो उतारा तयार केला, तो म्हणजे घोड्याच्या रक्तांतील प्रतिपिंडेंच होत. परंतु कधीं कधीं ह्या पहारेकऱ्यास भ्रम होतो, आणि तो घरधन्यासच चोर समजून त्याच्यावर चालून जातो. ह्यास स्वयंप्रतिकार रोग असें नांव आहे. त्याचा मारा सांध्यांवर, मूत्रपिंडांवर, तसाच डोळ्यावरही होतो. तेव्हां रक्तांत कोणतें प्रतिपिंड आहे हें कळल्यास डोळ्यांतील दाहाचें मूळ कळण्यास साहाय्य होतें.

प्रतिपिंडांची पारख आमच्या मुंबईस नवी नाहीं. परळच्या के. ई. एम. रुग्णालयांत डॉ. वाय. एम. भेंडे व त्यांचे सहकारी ह्यांस असें रक्त आढळलें कीं तें ठाऊक असलेल्या कोणत्याच गटांत बसेना. ‘ओ’ गटाचें रक्त सर्वांस चालतें असा समज. परंतु ह्या व्यक्तींच्या रक्तांतील प्रतिपिंडें त्याच्याही गुठळ्या करीत. १९५२ सालीं हा शोध प्रसिद्ध झाला आणि ‘बाँबे रक्तगट’ हें नांव जगभर रूढ झालें. १९५७ सालीं तेथेंच रक्तगटांचें संदर्भकेंद्र स्थापन झालें. तीच आजची राष्ट्रीय प्रतिरक्षा-रुधिरविज्ञान संस्था होय. ह्या शोधांत सामान्य वाचकांनीं घेण्याजोगा एक बोध आहे. त्या व्यक्ती तें प्रतिपिंड घेऊन सुखानें जगत होत्या. विजोड रक्त दिलें तरच धोका. अर्थात् प्रतिपिंड असणें म्हणजे रोग असणें नव्हे.

ज्यांनीं तर्कशास्त्राचीं प्रथम पाठाचीं पुस्तकें वाचलीं आहेत त्यांस धूर आणि अग्नि ह्यांचें उदाहरण आठवेल. धुरावरून अग्नीचें अनुमान होतें तें धूर अग्नीवांचून कोठेंच आढळत नाहीं म्हणून. जो हेतु साध्यावांचूनही आढळतो, त्यास आपले शास्त्रकार व्यभिचारी हेतु म्हणतात. रक्तपरीक्षेचे अहवालही ह्याच कसोटीवर घासून पाहिले पाहिजेत.

उदाहरणार्थ, ए. एन. ए. ही तपासणी घ्या. पेशींच्या केंद्रकाविरुद्ध उठलेलीं प्रतिपिंडें तींत शोधतात. रक्तजल १:४० प्रमाणांत विरल करून पाहिलें असतां निरोगी माणसांतही शंभरांत सुमारें तीस जणांची तपासणी होकारार्थी येते. १:१६० प्रमाणांत सुमारें पांच जणांची. येथें धूर आहे, परंतु अग्नि नाहीं. म्हणून डोळ्याचें लक्षण न पाहतां केवळ ह्या अहवालावरून घाबरणें व्यर्थ होय.

परंतु तोच अहवाल दुसऱ्या ठिकाणीं फार मोलाचा ठरतो. लहान मुलीचा गुडघा सुजतो, बालसंधिवाताचें निदान होतें आणि ए. एन. ए. होकारार्थी येते. अशा मुलीच्या डोळ्यांत आंतल्या आंत दाह होण्याचा संभव पुष्कळ असतो. डोळा लाल होत नाहीं, दुखत नाहीं. आणि कळतें तेव्हां मोतीबिंदु किंवा काचबिंदु झालेला असतो. वर्गांत आयुष्य घालविल्यावर मला एवढें ठाऊक झालें आहे कीं दृष्टि मंदावल्याचें लहान मूल आपण होऊन सांगत नाहीं. फळा दिसेना कीं तें शेजारच्याच्या वहींत पाहतें, आणि आपण त्यास अवधान नाहीं म्हणून रागें भरतों. अशा मुलांस, विशेषतः रोग सात वर्षांच्या आंत जडला असल्यास, पहिलीं कांहीं वर्षें दर तीन महिन्यांनीं नेत्रवैद्याकडे नेलें पाहिजे; तक्रार नसली तरीही.

आतां अव्यभिचारी म्हणावा अशा हेतूचें उदाहरण पाहूं. एका रोगांत नेत्रनाडीस दाह होऊन थोड्याच दिवसांत दृष्टि जाते, व कधीं मज्जारज्जूवर आघात होऊन पाय लुळे पडतात. फ्रान्समध्यें देव्हिक ह्यानें १८९४ सालीं त्याचें वर्णन केलें. पुष्कळ काळ तो मल्टिपल स्क्लेरोसिसचाच एक प्रकार मानला जाई. २००४ सालीं अमेरिकेंतील मेयो क्लिनिकच्या डॉ. व्हँडा लेनन व सहकारी ह्यांनीं त्याचें स्वतंत्र प्रतिपिंड शोधून काढलें. पेशींत पाण्याची ये-जा करविणारें अ‍ॅक्वापोरिन-४ हें प्रथिन त्याचें लक्ष्य आहे, हें पुढील वर्षीं कळलें. निरोगी माणसांत हें प्रतिपिंड जवळजवळ आढळतच नाहीं. ह्या भेदाचें महत्त्व केवळ पुस्तकी नव्हे: मल्टिपल स्क्लेरोसिसवर दिलें जाणारें इंटरफेरॉन-बीटा ह्या रोगांत अपाय करूं शकतें. तथापि चौघांपैकीं सुमारें एका रोग्यांत हें प्रतिपिंड सांपडत नाहीं. म्हणून नकारार्थी अहवाल म्हणजे निर्दोष सुटका नव्हे. रक्त शक्यतों औषधापूर्वीं घ्यावें, परंतु अहवालाची वाट पाहत उपचार मात्र थांबवूं नये.

आणखी एक गोष्ट संकोच सोडून सांगितली पाहिजे. डोळ्याचा दाह क्षयानें होतो, तसाच उपदंशानेंही. ह्या दोहोंची तपासणी वैद्य सरसकट सर्वांचीच करवितात. तींत कोणाच्या शीलावर संशय नसतो. स्टिरॉइड औषधें देण्यापूर्वीं क्षय नाहीं ना, हें पाहणें आपल्या देशांत तर अत्यावश्यक आहे.

हल्लीं दहिसरसारख्या उपनगरांतही घराजवळ रक्त देतां येतें व नमुना मोठ्या प्रयोगशाळेंत जातो. सोय झाली, तशी एक वाईट खोडही लागली: आपल्याच मनानें तपासण्या करावयाच्या आणि अहवाल हातीं येतांच मोबाइलवर अर्थ शोधीत बसावयाचें. त्याहून वाईट म्हणजे मुलीचा अहवाल तिच्या विवाहाच्या काळजीनें कपाटांत दडविणें. ह्या रोगांपैकीं कित्येक स्त्रियांत अधिक आढळतात, ते संसर्गजन्य नाहींत, आणि वेळीं उपचार झाल्यास पुष्कळ जणींची दृष्टि राखतां येते. दडविलेल्या कागदानें विवाह कदाचित् जमेल, परंतु गेलेली दृष्टि परत येणार नाहीं. म्हणून घरांतील कर्त्या मंडळींनीं सर्व अहवाल तारीखवार एका ठिकाणीं ठेवावे, ते डोळे पाहणाऱ्या वैद्यासच दाखवावे, औषध आपल्या मनानें बंद करूं नये, आणि पुढील तपासणीचा दिवस घरांतील दिनदर्शिकेवर सर्वांस दिसेल असा लिहून ठेवावा.