दोन टाक्यांचा टेम्पो

सकाळी ७. चैत्रात एरंडोलला आठ वाजताच चटके बसतात, म्हणून वेल्डिंग आधी उरकायचं. हायवेलगतच्या माझ्या शेडपुढे सप्तशृंगगडाच्या पदयात्रेचा टेम्पो लागलाय. पारोळा, धुळे, मालेगाव करत माणसं पायी जातील आणि त्यांचं चहापाणी-जेवण या टेम्पोवर होईल. मंडळाचे आप्पा विचारतात, "भाऊ, आज व्हई ना?"

"व्हई आप्पा, पण घाई करू नका."

मागच्या खेपेला पहाटे गॅसची टाकी संपली. शेजारची शेगडी पेटलेली आणि पोरं बॅटरीच्या उजेडात टाकी बदलत होती. काही झालं नाही, पण ऐकून माझी झोप उडाली. तेव्हापासून आप्पांच्या मागे लागलोय: दोन टाक्या जोडा. गॅस जास्त मिळावा म्हणून नाही, पेटत्या चुलीशेजारी पाना फिरवायची वेळ येऊ नये म्हणून.

९. टेम्पोच्या मागच्या बाजूला अँगलची चौकट आणि पत्र्याची पेटी बसली. पेटीच्या तळाला हाताचा पंजा जाईल एवढ्या दोन खिडक्या कापल्या. आप्पांना वाटलं, खालून धूळ येईल. येऊ द्या. हा गॅस हवेपेक्षा जड असतो; गळला तर खालीच साठतो, त्याला तळातूनच वाट हवी. बॅटरी आणि इन्व्हर्टर या पेटीत ठेवायचे नाहीत, हेही तेव्हाच ठरवून घेतलं.

११. वेल्डिंग थंड झाल्यावरच टाक्या आणवल्या. १९ किलोच्या, व्यवसायाच्या. घरची १४.२ किलोची लाल टाकी मी अशा कामाला जोडत नाही. कड्याजवळची तपासणीची तारीख आधी वाचली. त्यातलं अक्षर ए म्हणजे जानेवारी ते मार्च, डी म्हणजे ऑक्टोबर ते डिसेंबर. पुढचा आकडा वर्षाचा. मुदत गेलेली टाकी परत पाठवायची. दोन्ही उभ्या ठेवून पट्ट्याने आवळल्या. आडव्या टाकीतून द्रव गॅस नळीत येतो.

दुपारी १. भाकरी खाऊन जोडणी. टाकीच्या नटाला उलटे आटे, नवखा माणूस इथेच जोर लावून आटे घालवतो. दोन पिगटेल म्हणजे टाकीला जोडायच्या नळ्या, प्रत्येकीला गॅस उलटा न येऊ देणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, मध्ये एका टाकीवरून दुसरीवर जायचा चेंजओव्हर, पुढे एक रेग्युलेटर.

३. साबणाचा फेस ब्रशने प्रत्येक जोडावर. डाव्या नटाखाली मोहरीएवढा बुडबुडा आला, फुटला, पुन्हा आला. व्हॉल्व्ह बंद करून नट उघडला: आतला वायसर चिरलेला. नवा घातला, पुन्हा फेस, दहा मिनिटं बघत बसलो. आता शांत. मग डावी टाकी सोडवून उजवी चालू केली आणि डाव्या मोकळ्या तोंडाला फेस लावला. एकही बुडबुडा नाही; म्हणजे रिकामी टाकी काढताना दुसरीचा गॅस उलटा बाहेर येणार नाही.

५. स्वयंपाक करणाऱ्या मावशींना सगळं समजावलं. एका वेळी एकच टाकी चालू. शेगडी खाली जमिनीवर, टेम्पो उभा असतानाच. गाडी हलायच्या आधी दोन्ही व्हॉल्व्ह बंद. त्यांनी तीनदा स्वतः उघडून-बंद करून दाखवलं, तेव्हा मी पाना खाली ठेवला.

संध्याकाळी ६. पेटीच्या झाकणावर पांढऱ्या रंगाने मोठा आकडा लिहिला: १९०६. गॅसगळती कळवायचा हा नंबर चोवीस तास चालू असतो. तुमच्या गाडीवरही लिहून ठेवा.