मोसंबीच्या रसातला लपलेला कडूपणा

मोसंबीचा रस काढला की लगेच प्यायचा. ठेवला की तो कडवटतो. पण त्याच मोसंबीच्या फोडी सोलून खाल्ल्या तर हा कडूपणा लागत नाही. मग रसात तो येतो कुठून?

फोडींच्या पडद्यांत आणि बियांत एक बेचव पदार्थ असतो. फळ अख्खं असेपर्यंत तो आंबट रसापासून दूर राहतो. पिळताना पडदे फाटतात, पदार्थ आम्लात मिसळतो आणि सावकाश त्याचं लिमोनिन बनतं. दहा लाख भाग रसात साधारण सहा भाग लिमोनिन असलं तरी जिभेला कळतं! फळ झाडावर पुरतं पिकलं, तर झाडच त्या पदार्थाला साखरेचा रेणू जोडून टाकतं; मग तो कडू होत नाही. घाईने उतरवलेल्या फळाचा रस जास्त कडवटतो तो यामुळेच.

जालन्याच्या मोसंबीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. घनसावंगी तालुक्यातलं कुंभार पिंपळगाव याच मोसंबीच्या मुलखातलं. इथल्या बागेत एक झाड म्हणून जे उभं दिसतं, ती खरं तर दोन झाडं असतात: वर न्युसेलर मोसंबीचा डोळा, खाली रंगपूर किंवा जंभेरीचा खुंट. जंभेरीवर झाड जोमात वाढतं, फळ मोठं होतं, पण रसात साखर आणि आम्ल दोन्ही कमी उतरतात. नेव्हल संत्र्यांवरच्या प्रयोगांत तर जंभेरीवरच्या फळांचा रस त्रिपर्णी संत्र्याच्या खुंटावरच्या फळांपेक्षा कडू निघाला. ज्या मुळाला फळ कधी लागणारच नाही, ते दुसऱ्याच्या फळाची चव ठरवतं, याचं मला सगळ्यात जास्त नवल वाटतं.

जातीवर आणि खुंटावर मग हवा आपलं काम करते. उन्हात फळाचा श्वास वाढतो आणि त्यात आम्ल लवकर खर्ची पडतं. रात्री उबदार असल्या तर सालीतलं हरितद्रव्य टिकून राहतं, म्हणून आपली मोसंबी आतून गोड होऊनही बाहेरून हिरवट दिसते. मोसंबी ज्या गोड संत्र्याच्या कुळातली, त्याच कुळातल्या काही जाती सिसिलीत एटना ज्वालामुखीच्या पायथ्याशी पिकतात. तिथल्या गार रात्री त्यांच्यातलं एक जनुक जागं करतात आणि फळाचा गर रक्तासारखा लाल होतो.

फळाआधी अर्थात फूल हवं. मोसंबीच्या आंबे बहारासाठी पाणी तोडून बाग ताणावर सोडतात. जानेवारी-फेब्रुवारीत ती फुलते आणि मधमाश्या येतात. गोड संत्र्याच्या फुलातल्या मधुरसात कॅफिन असतं, तेच कॉफीतलं! २०१३ मध्ये न्यूकॅसल विद्यापीठाच्या जेराल्डिन राइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं, की नुसत्या साखरपाण्याऐवजी कॅफिन घातलेलं साखरपाणी दिलं, तर तिप्पट मधमाश्यांना फुलाचा वास दुसऱ्या दिवशीही आठवतो. मधुरसातलं प्रमाणही नेमकं असतं: आठवण पक्की होईल इतकं, पण माशीला कडू लागणार नाही इतकंच.

कॉफीतही जात बदलली की हिशेब बदलतो. रोबस्टाच्या बीत अरेबिकाच्या जवळपास दुप्पट कॅफिन असतं. आपल्याकडे कॉफी पिकते ती चिखलदऱ्याच्या डोंगरात, मोसंबी जालन्याच्या सपाट रानात. दोन्ही झाडांचं नातं फार लांबचं. तरी दोघं आपापल्या वाटेने त्याच एका रेणूपाशी पोचली.